शेवटचा सैनिक ठरवायचा कसा? अमेरिकन यादवी युद्धातले वादग्रस्त दावे

श्रोतेहो,

१९ डिसेंबर १९५९ रोजी टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात वॉल्टर विल्यम्स नावाचे एक वृद्ध गृहस्थ वारले. त्यांचं वय ११७ सांगितलं जात होतं. अमेरिकेचं यादवी युद्ध, म्हणजे उत्तरेचं केंद्र सरकार (युनियन) आणि फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं (कॉन्फेडरेट) यांच्यातलं युद्ध, संपलं १८६५ मध्ये, आणि त्या युद्धातला हा शेवटचा हयात सैनिक, असं धरून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी शोकसंदेश काढला. पण त्याआधी तीनच महिने, सप्टेंबर १९५९ मध्ये, लोवेल ब्रिडवेल या पत्रकारानं जुने कागद उलगडून दाखवलं होतं की विल्यम्स यांचा जन्म १८४२ चा नाही, १८५४-५५ च्या सुमाराचा आहे. म्हणजे युद्ध संपलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते. ही बातमी छापून आली तेव्हा विल्यम्स अंथरुणाला खिळलेले होते, दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. त्यांना कुणी काही विचारायची सोय उरली नव्हती. ब्रिडवेल पुढे पत्रकारिता सोडून सरकारात गेले आणि अमेरिकेच्या महामार्ग खात्याचे प्रमुख झाले, पण इतिहासाच्या अभ्यासकांत त्यांचं नाव राहिलं ते या एका शोधामुळे.

आजच्या व्याख्यानाचा विषय हा एक माणूस नाही. लांबच्या, जुन्या युद्धाचा ‘शेवटचा सैनिक’ ही पदवी जेव्हा जेव्हा दिली गेली, तेव्हा तेव्हा ती चुकीच्या माणसाकडे जाण्याची शक्यता का असते आणि ती चूक कागदावर कशी पकडायची, हे आपल्याला बघायचं आहे. यादवी युद्धाचं उदाहरण मी घेतो, कारण दाव्याचे, पेन्शनचे आणि जनगणनेचे असे तिन्ही बाजूंचे कागद इतक्या सलग क्वचितच मिळतात.

पहिली गोष्ट पक्की समजून घ्या. ‘मी शेवटचा’ असा दावा सहसा कुणी करत नाही. माणूस दावा करतो तो ‘मी त्या युद्धात होतो’ एवढाच, आणि तोही पेन्शनच्या खिडकीपाशी, मरणाच्या पंचवीस-तीस वर्षं आधी. विल्यम्स यांनी टेक्सास राज्याकडे पेन्शनचा अर्ज केला १९३२ मध्ये. व्हर्जिनियातले जॉन सॅलिंग यांचा अर्ज १९३३ चा. महामंदी ऐन भरात होती. शेतमालाला भाव नव्हता, बँका बुडत होत्या. अशा वेळी राज्य सरकार म्हाताऱ्या सैनिकाला दरमहा काही डॉलर देत होतं. विल्यम्स तेव्हा प्रत्यक्षात ७७ च्या आसपास होते. त्या वयाच्या, हातात पैसा नसलेल्या शेतकऱ्यानं वय वाढवून सांगितलं, एवढीच मूळ घटना आहे. बाकीचं सगळं, म्हणजे गणवेश, मानाची पदं, वाढदिवसाच्या मिरवणुका, राज्यपालांच्या भेटी, हे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत इतरांनी त्यांच्या अंगावर चढवलं. म्हणून या माणसांविषयी बोलताना मला त्यांचा राग येत नाही. राग येतो तो ज्यांना तपासता येत होतं आणि ज्यांनी तपासलं नाही त्यांचा.

आपल्याकडे ‘तोतया’ म्हटलं की पानिपत आठवतं. सदाशिवरावभाऊंच्या नावानं उभा राहिलेला माणूस, आणि १७७६ मध्ये त्याला झालेला देहदंड. तो तोतया दुसऱ्याचं नाव घेऊन आला होता. विल्यम्स किंवा सॅलिंग यांनी दुसऱ्याचं नाव घेतलं नाही. नाव स्वतःचं, गाव स्वतःचं, फक्त जन्मसाल दहा-बारा वर्षं मागे नेलेलं. अशा तोतयाला ओळखायला चेहरा पाहणारा साक्षीदार उपयोगाचा नाही. जन्मसाल पाहणारा लागतो.

आता हे दावे एका बाजूलाच का साचले, ते बघू. उत्तरेच्या युनियन सैन्याची पेन्शन केंद्र सरकारची होती. १८६२ च्या कायद्यानं ती सुरू झाली आणि वॉशिंग्टनचं पेन्शन कार्यालय ती चालवी. सुरुवातीला जखमी आणि मृतांच्या वारसांनाच पैसे मिळत. १८९० च्या कायद्यानं किमान ९० दिवस नोकरी केलेल्या आणि काम करायला असमर्थ झालेल्या कुठल्याही सैनिकाला दार उघडलं. प्रत्येक अर्जाची फाइल बने. त्यात डॉक्टरांची तपासणी, कंपनीतल्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं, लग्नाचा दाखला आणि मुख्य म्हणजे युद्ध खात्यानं हजेरीपटावरून काढून दिलेला उतारा असे. पुष्कळ अर्ज १८७० ते १८९० च्या दशकांत आलेले, म्हणजे कंपनीचा कॅप्टन जिवंत, शेजारच्या तंबूतला माणूस जिवंत. खोटं बोलायला जागा कमी.

दक्षिणेचं तसं नव्हतं. कॉन्फेडरेट सरकारच बुडालं होतं, त्यामुळे पेन्शन द्यायची ती त्या त्या राज्यानं. टेक्सासनं ती १८९९ मध्ये सुरू केली. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेची राजधानी रिचमंड पडताना शहराला आग लागली आणि पुष्कळ कागद जळाले. तरी सगळे गेले नाहीत. कॉन्फेडरेट सैन्याचे अ‍ॅडज्युटंट जनरल, म्हणजे हुकूम आणि नोंदी सांभाळणारे प्रमुख अधिकारी, सॅम्युअल कूपर यांनी आपल्याकडचं दफ्तर वाचवून उत्तरेच्या ताब्यात दिलं. पुढे १९०३ पासून वॉशिंग्टनच्या युद्ध खात्यानं या कागदांवरून दक्षिणेच्या सैनिकांची एकेका नावाची कार्डं तयार केली. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘दक्षिणेचे कागद जळाले, म्हणून नोंद सापडत नाही’ हे वाक्य प्रत्येक खोट्या दाव्याच्या पाठीशी उभं असतं. ते अर्धंच खरं आहे. नियमित पलटणीत वर्ष-दीड वर्ष काढलेल्या माणसाचा काहीच माग नसणं ही अपवादाची गोष्ट आहे.

सैन्याचा हजेरीपट साधारण दर दोन महिन्यांनी पगारासाठी भरला जाई. हजर, गैरहजर, दवाखान्यात, पळालेला, कैदी, जे असेल ते लिहिलं जाई. दीड वर्षाच्या नोकरीत माणसाचं नाव आठ-नऊ वेळा यायला हवं. त्यातले अर्धे पट गेले तरी चार उरतात. म्हणूनच खोटा दावा करणारा माणूस, जाणूनबुजून असो वा नकळत, पट नसलेल्या जागी जाऊन उभा राहतो. विल्यम्स सांगत की आपण दक्षिणेचे सेनापती हूड यांच्या टेक्सास ब्रिगेडमध्ये वैरण-चारा गोळा करणाऱ्यांचे मुकादम होतो आणि क्वांट्रिलच्या टोळीबरोबरही फिरलो. क्वांट्रिलची टोळी म्हणजे अनियमित घोडेस्वार. तिचा नीट पट कुठला असणार? सॅलिंग सांगत की आपण दारूगोळ्यासाठी सोरा खणत होतो. तेही खाणीतलं काम, पलटणीतलं नाही. दाव्यातला हुद्दा जितका कागदापासून लांब, तितकी तपासणाऱ्यानं मान वर करायची.

आता या विषयाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो. तो गणिताचा आहे, पण साधा आहे.

यादवी युद्धातला लहानात लहान खरा सैनिक, ढोल वाजवणारा पोरगा धरला, तरी त्याचा जन्म १८५० च्या आसपासचा. म्हणजे १९५५ मध्ये तो १०५ वर्षांचा. त्या वयाला दरवर्षी जवळजवळ निम्मी माणसं जातात. १०५ वर्षांची ३२ माणसं घ्या. वर्षानं १६ उरतील, मग ८, मग ४, मग २, आणि पाचव्या वर्षी १. आता ज्याचं खरं वय ९५ आहे आणि सांगण्यातलं १०५ आहे, अशी ३२ माणसं घ्या. पंचाण्णवीत वर्षाला साधारण चारातला एक जातो, पुढे प्रमाण वाढत जातं. पाच वर्षांनी त्यांच्यातली ढोबळ हिशेबानं पाच उरतील. खऱ्यांतला एक, खोट्यांतले पाच. हा फरक फक्त शेवटच्या पाच वर्षांचा. अर्ज केल्यापासूनची वीस-पंचवीस वर्षं धरली तर तो कितीतरी पटींनी वाढतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सुरुवातीला हजारात एखादाच दावा खोटा असला, तरी काळ हीच अशी चाळण आहे की खरे आधी गळतात आणि वय वाढवून सांगणारे वर राहतात. यादीच्या शेवटच्या टोकाला पोचलात की तिथं खोटे दावे दाटीनं भेटणार, हे लोकांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून नाही. मृत्यूच्या प्रमाणातून ते आपोआप होतं. १९९१ मध्ये विल्यम मार्व्हल या इतिहासकारानं दक्षिणेच्या शेवटच्या मानल्या गेलेल्या डझनभर सैनिकांच्या नोंदी तपासल्या, आणि त्यांतला एकही दावा टिकला नाही. ऐकताना धक्का बसतो, पण चाळणीचा हिशेब मांडला की असंच व्हायला हवं होतं हे कळतं.

सरकारही या चाळणीतून सुटलं नाही. जुलै १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं कायदा करून यादवी युद्धाच्या हयात सैनिकांचा सुवर्णपदकानं गौरव करायचं ठरवलं. तेव्हा चार नावं उरली होती. उत्तरेचे अल्बर्ट वूल्सन, आणि दक्षिणेचे म्हणून विल्यम्स, सॅलिंग आणि फ्लोरिडाचे विल्यम लंडी. चौघांत खरे एकटे वूल्सन.

आता तपासायचं कसं ते क्रमानं सांगतो.

दावा आधी कागदावर उतरवून घ्यायचा. कुठली पलटण, कुठली कंपनी, कुठं भरती, कधी भरती, कधी सुटका. वर्तमानपत्रातल्या मुलाखतींवर विसंबायचं नाही. सगळ्यात जुना दावा शोधायचा, आणि तो जवळजवळ नेहमी पेन्शनच्या अर्जात असतो. अर्जाची तारीख स्वतःच बोलते. १८९९ मध्ये राज्याची पेन्शन सुरू झाली आणि माणसानं अर्ज केला १९३२ मध्ये, तर मधली तेहतीस वर्षं तो गप्प का होता? कधी उत्तर सरळ असतं. पेन्शन निर्धनांनाच मिळे आणि त्याच्याकडे तोवर जमीन होती. पण प्रश्न विचारायलाच हवा. अर्जाला जोडलेली साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं वाचायची आणि त्या साक्षीदारांचं वय काढायचं. १८६४ ची हकीकत शपथेवर सांगणारा साक्षीदारच १८६८ ला जन्मलेला निघाला, तर त्याची साक्ष म्हणजे ‘यांच्याच तोंडून ऐकलं’ एवढीच.

मग सैन्याचं कार्ड. इथं नेहमीची फसगत होते ती नावाची. विल्यम्स हे नाव तिकडे म्हणजे आपल्याकडच्या जाधव-शिंद्यांसारखं. हव्या त्या पलटणीत हव्या त्या नावाचा माणूस सापडतोच. म्हणून नावावर थांबायचं नाही. भरतीच्या वर्णनपटात उंची, डोळ्यांचा रंग, जन्मगाव, धंदा आणि वय असतं. ते जुळवायचं. शिवाय त्या नावाचा खरा सैनिक पुढे कुठं गेला, कधी वारला, त्याच्या विधवेनं कुठं अर्ज केला, हेही शोधायचं. तोच सैनिक दुसऱ्या जिल्ह्यात १८९० मध्ये पुरलेला सापडला की प्रश्न मिटला.

आणि मग जनगणना. सगळा जोर इथं लावायचा.

अमेरिकेत १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव खानेसुमारीत लिहिलं जातं; त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. १८६० चं एक पान डोळ्यांसमोर आणा. आडवा मोठा कागद, चाळीस ओळी. डावीकडे घराचा क्रमांक, मग कुटुंबाचा क्रमांक, मग नाव, वय, लिंग, वर्ण, धंदा, जमिनीची किंमत, इतर मालमत्तेची किंमत, जन्माचं राज्य, आणि शेवटी शाळा, निरक्षरता, अपंगत्व यांचे रकाने. मिसिसिपीतल्या इटावांबा परगण्याच्या अशाच एका पानावर विल्यम्स यांच्या आईवडिलांच्या नावाखाली मुलांची उतरंड आहे, आणि वॉल्टरच्या नावापुढे वय आहे ५.

हा पाचाचा आकडा इतका भारी का पडतो? खानेसुमारीतली वयं चुकतात हे सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या माणसांची वयं ४०, ४५, ५० अशी गोळाबेरजेनं सांगितली जातात, जशी आपल्याकडच्या जुन्या नोंदींतही दिसतात. माहिती देणारा कधी शेजारीच असतो. पण पाच वर्षांचं पोर आणि सतरा वर्षांचा तरणा मुलगा यांत कुणाची गल्लत होत नाही. दाव्याप्रमाणे जन्म १८४२ चा असता तर १ जून १८६० ला, म्हणजे ज्या दिवसाचं वय लिहायचं ठरलं होतं त्या दिवशी, तो सतरा वर्षांचा भरायला हवा होता. म्हणून नियम असा की बालपणीची नोंद सगळ्यात जड, म्हातारपणीची सगळ्यात हलकी. आणि एकट्या आकड्याकडे बघायचं नाही, भावंडांच्या उतरंडीकडे बघायचं. ८, ५, ३ अशी मुलं ओळीनं असतील, तर मधल्या पाचाला चुकून लिहिलेला पंधरा म्हणता येत नाही. आईचं वयही धरायचं. मुलगा दाव्याइतका मोठा मानला की आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची निघते, असं झालं की तिथंच हात थांबतो.

त्यानंतर त्या माणसाला दर दहा वर्षांनी गाठायचं. १८७०, १८८०, १९००, १९१०, १९२०, १९३०. प्रत्येक वेळचं वय एका रेघेवर मांडायचं. खऱ्या माणसाची वयं दोन-तीन वर्षांच्या इकडे-तिकडे होतात, पण रेघ सरळ जाते. खोट्या दाव्यात रेघ १९२० पर्यंत सरळ जाते आणि पेन्शनच्या अर्जापाशी एकदम आठ-दहा वर्षांची उडी मारते. ती उडी दिसली की शोध जवळजवळ संपला. १९०० च्या खानेसुमारीत तर जन्माचा महिना आणि साल दोन्ही विचारले होते. ती नोंद कधीही चुकवू नये. १९१० मध्ये तिसावा रकाना खास होता: हा माणूस युनियन की कॉन्फेडरेट, लष्कर की नौदल, कुणाचा हयात सैनिक आहे? पन्नाशीवरच्या पुरुषांना तो लागू होता. कॉन्फेडरेट सैनिकापुढे ‘सी ए’ (कॉन्फेडरेट आर्मी) ही अक्षरं यायला हवीत. मात्र मोजणीदार हा रकाना पुष्कळदा रिकामा सोडत, त्यामुळे रिकाम्या रकान्यावर एकट्यानं निकाल द्यायचा नाही. शेजारच्या ओळी बघायच्या. त्या मोजणीदारानं इतर म्हाताऱ्यांपुढे अक्षरं भरली असतील आणि याच्यापुढे नसतील, तर त्या रिकाम्या जागेला वजन येतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट होते. ब्रिडवेलच्या काळी १९०० आणि १९१० च्या नोंदी अभ्यासकांना खुल्या नव्हत्या. खानेसुमारीची नावनिशी तिकडे ७२ वर्षं बंद ठेवतात. १९०० ची खुली झाली १९७३ मध्ये, १९१० ची १९८२ मध्ये. म्हणून विल्यम्स यांचा दावा १९५९ मध्येच पडला, पण इतरांची सगळी रेघ सलग काढायला १९९१ उजाडलं. विल्यम्स खोटे ठरल्यावर काही काळ लोक सॅलिंग यांना शेवटचे मानू लागले होते. ते मार्च १९५९ मध्येच, दाव्यानुसार ११२ व्या वर्षी, वारले होते. त्यांचाही जन्म नोंदींनुसार १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धातला निघाला.

या तपासात अडचणीही येतात, आणि त्या लपवू नयेत. सगळ्यात मोठं भगदाड १८९० चं. त्या खानेसुमारीचे कागद जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीतल्या आगीत आणि नंतरच्या हेळसांडीत गेले. परिणाम असा की १८८० नंतर माणूस एकदम १९०० मध्ये भेटतो. वीस वर्षांत तो लग्न करतो, राज्य बदलतो, नावाचं स्पेलिंग बदलतो. ज्यांचा माग तुटतो तो बहुधा इथंच. तुटलेला धागा जोडायला लग्नाची नोंद, जमिनीचं खरेदीखत, मुलांच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं बापाचं जन्मस्थान, असं काही लागतं.

कौटुंबिक बायबल हा पुरावा लोक मोठ्या श्रद्धेनं पुढे करतात. पूर्वी मुलांचे जन्म बायबलाच्या पानावर लिहून ठेवायची पद्धत होती. ते हातात घेतलं की आधी मुखपृष्ठामागचं छपाईचं साल बघायचं. छपाई १८७० ची आणि पहिली नोंद १८४२ ची असेल, तर नोंदी नंतर उतरवलेल्या आहेत. मग शाई आणि हस्ताक्षर बघायचं. पंधरा वर्षांत जन्मलेल्या सात मुलांची नावं एकाच शाईनं, एकाच लेखणीनं, एकाच बसणीत लिहिलेली दिसली, तर ते पान कुणीतरी गरजेपोटी लिहिलं आहे. प्रत्येक वेळी खोटेपणानंच असं नाही. १९०७ च्या कायद्यानं युनियन सैनिकांना वयावर पेन्शन दिली, ६२ ला दरमहा १२ डॉलर, ७० ला १५ आणि ७५ ला २०. वयाचा पुरावा लागला म्हणून कित्येक घरांत अशी पानं आठवणीनं भरली गेली.

आणि एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची नावंच लिहिली गेली नाहीत. वेगळ्या तक्त्यात मालकाचं नाव आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, वर्ण. युनियन सैन्यात कृष्णवर्णीय पलटणी होत्या, त्यांत पावणेदोन लाखांवर माणसं लढली, आणि त्यांतल्या बहुतेकांचं बालपण असं निनावी आहे. त्यांच्या बाबतीत ‘१८६० ला सापडत नाही’ हा मुद्दा मुळात उभाच राहत नाही. तिथं पेन्शनच्या फाइलमधल्या जबान्या, मुक्त गुलामांसाठी काढलेल्या बँकेतली खातेदारांची माहिती, मालकाच्या इस्टेटीच्या याद्या, असे वेगळे रस्ते धरावे लागतात. नोंद नसणं आणि नोंद विरुद्ध असणं या दोन गोष्टी ज्यानं एक केल्या, त्यानं या कामात पडू नये.

वय आणि नोकरी या दोन बाबीही अशाच वेगळ्या ठेवायच्या. अल्बर्ट वूल्सन यांचं उदाहरण घ्या. मिनेसोटाच्या डुलुथ गावी २ ऑगस्ट १९५६ रोजी ते वारले तेव्हा वय १०९ सांगितलं जात होतं. नोंदी बघता जन्म १८५० चा, म्हणजे वय १०६. तीन वर्षं जास्त. म्हणून त्यांचा दावा खोटा का? नाही. ऑक्टोबर १८६४ मध्ये ते मिनेसोटाच्या पहिल्या हेवी आर्टिलरीत, म्हणजे जड तोफखान्यात, सी कंपनीत ढोलवादक म्हणून दाखल झाले, हे सैन्याच्या कागदावर पक्कं आहे. चौदा वर्षांचं पोर. पलटण टेनेसीत चॅटनूगाला गेली, लढाईचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही, पण सैनिक ते होतेच. त्यांच्या निधनानंतर युनियन सैनिकांची ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संघटना विसर्जित झाली. १९४९ मध्ये इंडियानापोलिसला तिचं शेवटचं अधिवेशन झालं, तेव्हा हजर होते अवघे सहा जण. लढाई प्रत्यक्ष पाहिलेले शेवटचे युनियन सैनिक म्हणायचे तर ते न्यूयॉर्कच्या रोचेस्टरचे जेम्स हार्ड, मृत्यू मार्च १९५३. त्यांच्याही वयात एक-दोन वर्षांचा वाद आहे, नोकरीबद्दल नाही. भरतीच्या वेळी मुलं वय वाढवून सांगत, आणि एकदा सांगितलेलं वय मग आयुष्यभर बरोबर चालत राही.

उलट विल्यम्स यांचं बघा. नोकरी खोटी, पण १८५४-५५ चा जन्म धरला तरी मृत्यूसमयी ते १०४-१०५ वर्षांचे होते. तेवढं आयुष्य खरोखरच दुर्मीळ.

मग दक्षिणेचा शेवटचा सैनिक कोण? आजच्या पुराव्यानं प्लेझंट क्रम्प. जन्म डिसेंबर १८४७, अलाबामात. नोव्हेंबर १८६४ मध्ये मित्राबरोबर अलाबामाच्या दहाव्या पायदळ पलटणीत दाखल झाले, पीटर्सबर्गच्या वेढ्यात होते, आणि दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी एप्रिल १८६५ मध्ये अ‍ॅपोमॅटॉक्सला शरणागती पत्करली तेव्हा तिथं हजर होते. ३१ डिसेंबर १९५१ ला, १०४ व्या वर्षी वारले. कागद जुळतात, वयाची रेघ सरळ आहे. आणि गंमत नव्हे तर खंत अशी, की त्याच १९५१ साली नॉरफोकला कॉन्फेडरेट सैनिकांचा अखेरचा मेळावा भरला, त्यात व्यासपीठावर तिघे होते, त्यांतले एक सॅलिंग. क्रम्प त्यांत नव्हते.

महाराष्ट्रात या सगळ्याचं प्रतिबिंब दिसतं ते स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनमध्ये. बीड जिल्ह्यातलं बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भूमिगत काम केलं असा दावा, आणि त्याला सहकारी स्वातंत्र्यसैनिकाचं प्रमाणपत्र. चौकशीसाठी निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमावा लागला आणि २००५ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. घडण तीच आहे. भूमिगत कामाला तुरुंगाचं रजिस्टर नसतं, जशी क्वांट्रिलच्या टोळीला हजेरी नव्हती. प्रमाणपत्र देणारा म्हातारा होत गेला की त्याची सही सोपी होत जाते. आणि तपासाची पहिली पायरीही तीच: शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख काढायची आणि १९४८ मधून वजा करायची. पण खरे भूमिगत कार्यकर्तेही नोंदीविनाच असतात, त्यामुळे कागद मागताना अमेरिकेतल्या त्या निनावी पलटणींची आठवण ठेवायला हवी.

‘शेवटचा’ या शब्दाची व्याख्याही आधी ठरवावी लागते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचे शेवटचे म्हणून लेम्युअल कुक, जॉन ग्रे आणि डॅनियल बेकमन अशी तीन नावं येतात. मृत्यू अनुक्रमे १८६६, १८६८, १८६९. कुक नियमित पेन्शनधारक होते. बेकमन यांना नोकरी सिद्ध करता आली नाही, म्हणून १८६७ मध्ये काँग्रेसनं खास कायदा करून पेन्शन दिली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या फ्लॉरेन्स ग्रीन सप्टेंबर १९१८ मध्ये हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात कामाला लागल्या. २०१० पर्यंत त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, फेब्रुवारी २०१२ मध्ये वारल्या तेव्हा त्या युद्धाच्या शेवटच्या ठरल्या. जर्मनीत अशी सरकारी यादीच नाही. एरिश केस्टनर १ जानेवारी २००८ ला वारले आणि तेच जर्मन सैन्यातले शेवटचे असावेत हे काही आठवड्यांनी लक्षात आलं.

तेव्हा लिहिताना तीन गोष्टी सुट्या लिहाव्यात. दावा काय आणि कुठल्या साली केलेला, नोकरीचा समकालीन कागद कोणता, जन्माची सगळ्यात जुनी नोंद कोणती. क्रम्प यांच्यापुढे ‘कागदावर सिद्ध झालेले शेवटचे कॉन्फेडरेट सैनिक’ असं लिहायचं, नुसतं ‘शेवटचे’ नाही. उद्या एखाद्या परगण्याच्या दफ्तरात आणखी एक नाव निघू शकतं.

नीट ठेवलेला कागद किती पुरतो, याचं एक उदाहरण आहे. नॉर्थ कॅरोलायनाचे मोझेस ट्रिप्लेट आधी कॉन्फेडरेट पलटणीत होते, तिथून पळाले आणि १८६४ मध्ये युनियनच्या, घोड्यावरून फिरणाऱ्या पायदळ पलटणीत दाखल झाले. केंद्राची पेन्शन मिळाली ती या दुसऱ्या नोकरीवर. १९३० मध्ये, त्यांच्या वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांना आयरीन ही मुलगी झाली. ती कामाला असमर्थ ठरली, म्हणून बापाच्या फाइलवर तिची पेन्शन चालू राहिली. दरमहा ७३ डॉलर १३ सेंट. मे २०२० मध्ये ती वारली, आणि मगच यादवी युद्धाचं शेवटचं पेन्शन खातं बंद झालं.